साहेबाची वही आणि मावशीचे दही

माझ्या भुईगावच्या मावशीचे आणि सम्राट अशोकाचे पटत नाही, हे मला गेल्या दिवाळीत कळले.

भुईगाव म्हणजे वसईच्या किनाऱ्यावरचे गाव. केळीच्या बागा, शेजारी कुपारी ख्रिस्ती घरे, पलीकडे समुद्र. मी मुंबईहून चार दिवस निवांत वाचायला म्हणून गेलो, तो पिशवीत ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर घेऊन. जेम्स कॅंबेल नावाच्या साहेबाने ते सिद्ध केले. सारा, पिके, रस्ते, बंदरे यांच्या बरोबरीने त्यात जातवार माणसेही नोंदली आहेत. ती खातात काय, नेसतात काय, मूल जन्मले की काय करतात, लग्न कसे लावतात, सगळे!

ही हौस आपल्याच मुलखापुरती नव्हती. तिकडे न्यू गिनीत ऑस्ट्रेलियाचे ‘कियाप’ म्हणवणारे अधिकारी १९७५ साली देश स्वतंत्र होईपर्यंत डोंगराडोंगरांतून पायी फिरत, गावची डोकी मोजत, तंटे तोडत आणि परतल्यावर अहवाल लिहीत. राज्य करायचे तर रयतेचे देवदेवस्कीसुद्धा ठाऊक हवे!

मावशीला मी बागायतीचा भाग वाचून दाखवला. राहाटाचा उल्लेख येताच ती खुलली. बैल गोल फिरायचा, पाण्याचे लोटे भरभरून वर यायचे आणि राहाटाचा आवाज थांबला की बैल उभा राहिला हे सासूला घरात बसून कळायचे. आता पंप आहे. “साहेबाने बरोबर लिहिलंय हो,” असे प्रशस्तिपत्र देऊन तिने माझ्यापुढे सुकेळी ठेवली.

कोकणच्या लोकसमजुतींचे दुसरे एक पुस्तक १९१५ साली निघाले. त्याची सामग्री जमवली होती जॅक्सनने. होय, तोच नाशिकचा कलेक्टर! १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी नाटकगृहात ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो. माणूस संस्कृतचा पंडित होता. त्याच्या मागे एंथोव्हेनने ते पुस्तक पुरे केले. त्यातली माहिती पुष्कळशी गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नांची उत्तरे म्हणून लिहून पाठवलेली आहे. मला त्या मास्तरांची मोठी गंमत वाटते. सरकारी प्रश्न हातात घेऊन, दृष्ट कशी काढतात हे मास्तर घरी बायकोलाच विचारीत असतील!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या नातवाला ताप भरला. डॉक्टरांचे औषध दिले होतेच. तरी मावशीने मीठमिरच्या-मोहऱ्या मुठीत घेतल्या. मला राहवेना. म्हटले, “मावशी, याच तुझ्या गावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात काय म्हटलंय ठाऊक आहे?”

आठव्याचा तुकडा त्याआधीच, गॅझेटियर निघाले त्याच १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजींना जवळच सोपाऱ्यात मिळाला होता. पण नववा खास मावशीसाठी होता. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मले की, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांतही बायका फार, आणि ते क्षुल्लक असतात, असे सम्राटाचे म्हणणे. त्यांचे फळ थोडे. दास-नोकरांशी नीट वागावे, वडिलधाऱ्यांना मान द्यावा, जीवांवर दया करावी, हेच खरे मंगल.

मावशीने दृष्ट पुरी केली, मिरच्या चुलीत टाकल्या आणि मग विचारले, “त्याला मुलं होती?”

“होती.”

“मग ती आजारी पडली की रात्री कोण जागायचं?”

अशोकाने ते लिहिलेले नाही. कॅंबेलच्या जाड ग्रंथातही विधी आहेत, पण उशाशी बसलेली बाई मला सापडली नाही. मात्र एक कबूल केले पाहिजे: साहेबाने वही उघडली नसती, तर पणजीच्या काळचे मला फारसे कळलेच नसते.

त्या रात्री मावशी जागली. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवीत होती. मध्येच पुटपुटत होती. पहाटे ताप उतरला. श्रेय कोणाचे, हे मी विचारले नाही.

निघताना बसची वेळ झाली होती. पिशवीत गॅझेटियर कोंबून मी उंबऱ्यापर्यंत आलो, तोच मावशीने हाक मारली.

“थांब रे. हात पुढे कर.”

प्रवासाला निघताना! सम्राटाच्या यादीतलेच कलम. मी मुकाट्याने तळहात पुढे केला. दही आंबट होते; साखर मात्र तिने भरपूर घातली होती.