गाडी खड्डा पाडत नाही, शेवटचा धक्का देते

१३ जून २०२१ चा मुंबईतल्या घाटकोपरचा व्हिडिओ तुम्ही बहुतेक पाहिला असेल. सोसायटीच्या आवारात एक गाडी उभी आहे. आधी तिचं बॉनेट पाण्यात जातं, मग मागची बाजू, आणि काही क्षणांत अख्खी गाडी दिसेनाशी होते. गाडी चालू नव्हती, आत कोणी नव्हतं, जमिनीला कसलाही धक्का बसलेला नव्हता. खाली एक जुनी विहीर होती. तिच्या अर्ध्या भागावर काँक्रीटचा स्लॅब टाकलेला होता आणि त्यावर लोक गाड्या लावत होते.

२० सप्टेंबर २०२४ ला पुण्यात, बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक पेव्हर ब्लॉकसकट खाली गेला. चालक वेळेत बाहेर पडला म्हणून वाचला. तिथेही खाली जुनी विहीर असल्याचं सांगण्यात आलं.

अशा वेळी आपण म्हणतो, "जमीन अचानक खचली." पण यात अचानक असतो तो फक्त शेवटचा क्षण. पोकळी कित्येक वर्षं आधीच तयार झालेली असते. आज ती कशी होते आणि नेमकी गाडीच त्यात का सापडते, ते बघू.

पोकळी येते कुठून?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली, खडक विरघळणं. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडकाच्या फटींतून झिरपत राहिलं की हजारो वर्षांत आत गुहा तयार होतात. सिंकहोल हा शब्द मुख्यतः याच प्रकारासाठी रूढ झाला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला असाच चुनखडकाचा प्रदेश आहे. तिथल्या कॉर्व्हेट मोटारींच्या संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे जमीन फाटली आणि प्रदर्शनातल्या ८ गाड्या आत गेल्या.

दुसरी वाट, माती वाहून जाणं. जमिनीखालची पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन फुटली की आजूबाजूची माती कणाकणाने त्या भोकातून आत जाते आणि पाण्याबरोबर निघून जाते. वर डांबर जसंच्या तसं, खाली मात्र खोली रिकामी होत असते.

तिसरी वाट माणसाची: विहिरी, खाणी, जुने हौद, तळघरं.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. तो चुनखडकासारखा विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे गाडी आत गेली की संशय सहसा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर घ्यायचा. पूर्व विदर्भात तर कोळशाच्या जुन्या भूमिगत खाणी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं, तेव्हाही खालच्या जुन्या खाणीकडेच बोट दाखवलं गेलं.

चाकाचा हिशोब

मग वरून रोज माणसं जातात, मोटारसायकली जातात, तेव्हा काही होत नाही, आणि एक दिवस ट्रक आत जातो. असं का? एक सोपा हिशोब करू.

समजा ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकावर १००० किलो भार आहे आणि ते ३० बाय ३० सेंटीमीटर जागेवर टेकलं आहे. मातीत हा भार खाली जाताना पसरतो. पाया डिझाइन करताना एक ढोबळ नियम वापरतात: जितकी खोली, तितकीच रुंदी प्रत्येक बाजूच्या मापात मिळवायची. म्हणजे १ मीटर खाली तोच भार १.३ बाय १.३ मीटरवर पसरतो. दाब झाला चौरस मीटरला साधारण ५९० किलो. आणि वरच्या १ मीटर मातीचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला सुमारे १८०० किलो. म्हणजे पोकळीचं छत मीटरभर जाड असेल, तर त्याला ट्रॅक्टरपेक्षा स्वतःचंच ओझं तिप्पट असतं!

आता छत झिजत झिजत २० सेंटीमीटर उरलं असं धरा. तोच भार आता जेमतेम ५० बाय ५० सेंटीमीटरवर पसरतो. दाब झाला चौरस मीटरला ४००० किलो, तर छताचं स्वतःचं वजन फक्त ३६० किलो. चाक आता मातीच्या अकरा पट भारी पडतं.

थोडक्यात, छत जाड असेपर्यंत गाडी त्याच्या खिजगणतीत नसते. ते पातळ झाल्यावर मात्र पहिली जड गाडी निमित्त ठरते. काल इथूनच ट्रक गेला होता, हा म्हणूनच सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

पाणी आलं तरी धोका, गेलं तरी धोका

ओलसर माती थोडीफार कमानीसारखी तग धरते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. समुद्रकिनारी वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच जोरावर. माती पूर्ण भिजली की ही ओढ संपते, शिवाय वजन वाढतं. पावसाळ्यात जमीन खचण्याच्या बातम्या जास्त येतात, त्यामागचं एक कारण हे.

पण पाणी उपसल्यानेही हेच घडू शकतं. पोकळी पाण्याने भरलेली असते तेव्हा ते पाणी छताला खालून थोडा आधार देत असतं. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडातल्या प्लँट सिटी भागात ११ दिवस कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरी गोठू नये म्हणून शेतकऱ्यांनी पिकावर भूजल फवारलं. पाण्याची पातळी सुमारे ६० फूट खाली गेली आणि त्या परिसरात १४० च्या आसपास सिंकहोल पडले. तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानी भागातही शेतीसाठी वर्षानुवर्षं उपसा होत आलाय आणि तिथल्या शेतांत अशी शेकडो विवरं आहेत. ती काही सगळी उपशामुळेच झालेली नाहीत, काही फार जुनी आहेत. पण पाणी खाली जाऊ लागल्यापासून नवी पडण्याचा वेग वाढलाय.

कडेला जाऊन बघू नका

२८ जानेवारी २०२५ ला जपानमध्ये टोकियोजवळच्या याशिओ शहरात चौकातून जाणारा एक ट्रक खड्ड्यात पडला. खाली सुमारे दहा मीटर खोलीवर पावणेपाच मीटर व्यासाची सांडपाण्याची वाहिनी होती, १९८३ पासून वापरात असलेली. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, वाहिनीच्या छतावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खातं. तिथे हेच झालं असावं, असं मानलं जातं. खड्डा सुरुवातीला दहाएक मीटर रुंद होता. पुढच्या दिवसांत त्याच्या कडा ढासळत राहिल्या आणि तो सुमारे ४० मीटर रुंद झाला. बचावाची यंत्रं जवळ नेणं अवघड झालं. वाहिनीतलं पाणी कमी व्हावं म्हणून १२ लाख लोकांना पाणी जपून वापरायला सांगितलं गेलं. चालकाचा मृतदेह मिळायला तीन महिन्यांहून जास्त काळ लागला.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दिसणाऱ्या तोंडापेक्षा आतली पोकळी बऱ्याचदा रुंद असते. खड्डा पडल्यावर जिथे उभं राहून आपण मोबाइलवर शूट करतो, ती जागा बिनआधाराची असू शकते.

आपण काय करू शकतो?

रडार फिरवून पोकळ्या शोधता येतात, पण आपल्या काळ्या, ओल्या, चिकण मातीत रडारची लहर लवकर विरते आणि खोलवरचं दिसत नाही. मातीचा विद्युत रोध मोजणं हा दुसरा मार्ग आहे, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. त्यामुळे साधी माहितीच जास्त उपयोगी पडते.

गोल किंवा चंद्रकोरीसारख्या भेगा, एकाच जागी पेव्हर ब्लॉक बसणं, खांब किंवा कुंपण कलणं, साचलेलं पाणी एका ठिकाणी गुपचूप जिरून जाणं ही लक्षणं दिसली की आधी जड वाहनं थांबवा, मग तक्रार करा. दर दोन महिन्यांनी तोच खड्डा मुरूम टाकून भरावा लागत असेल, तर मुरूम जातोय कुठे हे विचारा.

शेतात बुजवलेली विहीर असेल तर नांगरट, हार्वेस्टर किंवा जेसीबीच्या चालकाला ती जागा आधी दाखवा. भाड्याने आलेल्या चालकाला तुमच्या आजोबांची विहीर कुठे होती हे माहीत नसतं. विहीर बुजवायचीच असेल, तर कचरा आणि झाडांचे बुंधे टाकून नको. ते कुजतात आणि तिथेच पोकळी होते. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, मग खडी, मग मुरूम, आणि प्रत्येक थर नीट दाबलेला असावा, म्हणजे वरची माती खालच्या फटींत वाहून जात नाही. नुसता स्लॅब टाकला असेल तर ती विहीर बुजलेली नाही, झाकलेली आहे. दमट हवेत स्लॅबची सळई खालून गंजत राहते आणि वरून काहीच दिसत नाही.

गावात, वाड्यात, सोसायटीत जुनी विहीर कुठे होती हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना विचारून ती जागा नकाशावर मांडायला एक दुपार पुरते. ते राहून गेलं, तर पुढे ती जागा सापडेल ती एखाद्या चालकालाच.