आधी नक्कल, मग हलवाहलव

घरात कागद असतात. जमिनीचा सातबारा असतो. रेशनकार्ड असते. मुलांचे शाळेचे दाखले असतात. हे सारे आपण एका पेटीत ठेवतो. शहाणी माणसे त्यांची वेगवेगळी पाकिटे करतात. जमिनीचे कागद एका पाकिटात, शाळेचे दुसऱ्या पाकिटात. मग हवा तो कागद चटकन सापडतो.

टेबलावरच्या संगणकातही असेच असते. संगणक म्हणजे आपला कॉम्प्युटर. त्यातल्या एका कागदाला फाइल म्हणतात. पत्र ही एक फाइल. फोटो ही एक फाइल. हिशेबाचा तक्ता हीही एक फाइल. फायली ज्या पाकिटात ठेवतात, ते पाकीट म्हणजे फोल्डर. आणि सारी पाकिटे ज्या पेटीत राहतात, ती पेटी म्हणजे डिस्क. एक डिस्क संगणकाच्या पोटातच असते. पेन ड्राइव्ह ही बाहेरून जोडायची छोटी पेटी.

कागद या पाकिटातून त्या पाकिटात ठेवावे लागतात. या पेटीतून त्या पेटीतही न्यावे लागतात. काम सोपे आहे. पण चुकले तर महागात पडते. आमचीच गोष्ट सांगतो.

एका बचत गटाचे हिशेब आमच्या संगणकावर होते. तीन वर्षांचे हिशेब! कुणी किती भरले, कुणाला कर्ज दिले, किती फिटले, सारे एका फाइलीत. तालुक्याला दाखवायचे म्हणून आम्ही ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. नक्कल केली नाही. फाइलच उचलून नेली. एसटीतून उतरलो, खिसा चाचपला, तर पेन ड्राइव्ह नाही! तसेच परत आलो. संगणक उघडला. तिथेही फाइल नाही. रिसायकल बिन म्हणजे संगणकाची कचरापेटी. तीही धुंडाळली. तिथेही नाही.

नशीब, बायांनी आपापली पासबुके जपली होती. त्यांच्याजवळ बसून आम्ही आठ दिवस सारा हिशेब पुन्हा लिहिला. कुणी रागावले नाही. पण एक आजी म्हणाल्या, "बाबांनो, अस्सल कागद कुणी एसटीत नेतं का? झेरॉक्स न्यायची!"

आजी कधी संगणकाला बसल्या नव्हत्या. पण त्यांनी नेमके बोट ठेवले.

संगणक आत काय करतो?

शेत विकले तर शेत उचलून नेतात का? नाही. जमीन जागच्या जागी राहते. दप्तरात फेरफार होतो, नाव तेवढे बदलते. एकाच डिस्कवर फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवली, की असेच होते. फाइल जागची हलत नाही. तिचा पत्ता तेवढा बदलतो. म्हणून मोठी फाइलसुद्धा क्षणात जाते.

दुसऱ्या डिस्कवर न्यायची तर निराळे. तिथे संगणक आधी फाइलीची नक्कल उतरवतो आणि मग मूळ फाइल पुसतो. नक्कल उतरवायला वेळ लागतो. त्या वेळात वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह उपटला, तर काम अर्धवट राहते. काही फायली इकडे, काही तिकडे, असा घोटाळा होऊ शकतो.

संगणकात डिस्कला सी, डी अशी अक्षरे असतात. मग ए आणि बी कुठे गेल्या? ती अक्षरे पूर्वी फ्लॉपीला देत. फ्लॉपी ही काढता-घालता येणारी चपटी डिस्क. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढेच मावे. आजच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा तीत बहुधा मावणार नाही. त्याही आधी, १९५६ साली, अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क काढली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या. ते मोठे कपाटच होते, आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आता बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या हजारो पट मावते. वस्तू लहान झाली, तशी हरवायलाही सोपी झाली!

आणखी एक ध्यानात ठेवा. पुष्कळदा सी आणि डी या दोन डिस्क नसतात. एकाच घराची भावाभावांत वाटणी करावी, तसे एका डिस्कचे ते दोन भाग असतात. घर कोसळले तर दोन्ही भाऊ उघड्यावर. म्हणून सी वरची नक्कल डी वर ठेवली, की झाले, असे समजू नका. दुसरी नक्कल दुसऱ्या पेटीत हवी.

आता कृती पाहू

बहुतेक ठिकाणी विंडोज असते. त्यात असे करायचे :

१. फाइलीवर माऊसने एकदा टिचकी मारा. फाइल निवडली जाते.

२. कंट्रोल हे बटण दाबून धरा आणि सी अक्षर दाबा. ही झाली 'कॉपी', म्हणजे नक्कल.

३. जिथे न्यायची तो फोल्डर उघडा. कंट्रोल धरून व्ही दाबा. ही झाली 'पेस्ट', म्हणजे चिकटवणे.

४. पट्टी पुरी भरेपर्यंत थांबा. घाई नको.

५. नवी फाइल उघडून पाहा. शेवटची ओळ वाचा. सारे आले का?

६. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करा. संगणकाने हो म्हटल्यावरच काढा.

सी ऐवजी एक्स दाबले तर ते 'कट' होते. फाइल फिकट दिसू लागते. घाबरू नका, ती अजून तिथेच असते. पेस्ट केल्यावर मात्र ती तिकडे जाते. एका डिस्कवरच्या फोल्डरांत कट चालेल. दुसऱ्या डिस्कवर न्यायची तर कॉपीच करावी.

फाइल माऊसने ओढूनही नेता येते. पण विंडोजची एक खोड आहे. त्याच डिस्कवर ओढली तर फाइल हलते. दुसऱ्या डिस्कवर ओढली तर नक्कल होते. गोंधळ नको असेल, तर माऊसचे उजवे बटण धरून ओढा. सोडल्यावर संगणक विचारतो, नक्कल करू की हलवू? चुकून हलली, तर लगेच कंट्रोल धरून झेड दाबा. बहुधा ती परत जागेवर येते.

कधी संगणक म्हणतो, या नावाची फाइल इथे आधीच आहे. तिच्या जागी नवी ठेवू का? तिथे पटकन हो म्हणू नका. दोन्हींच्या तारखा पाहा. हो म्हटले की आधीची जाते.

संगणकाच्या डिस्कवरची फाइल पुसली, तर ती सहसा कचरापेटीत सापडते. पेन ड्राइव्हवरची पुसली, की ती कचरापेटीत जात नाही. आणि आमच्यासारखी कट करून नेलेली फाइलही तिथे सापडत नाही.

आता आम्ही बचत गटाचा हिशेब दोन ठिकाणी ठेवतो. एक संगणकात, एक कपाटातल्या पेन ड्राइव्हवर. तालुक्याला जाते ती तिसरी नक्कल. आजींची झेरॉक्स!

तुम्हीही आज एक साधी फाइल करा. तिच्यात आपले नाव लिहा. ती या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये नेऊन पाहा. मग पेन ड्राइव्हवर नेऊन पाहा. हात बसला, की मगच खऱ्या कागदांना हात घाला.