बालकांचा न्यूमोनिया : श्वास मोजण्याचे महत्त्व

कन्हान नदीकाठच्या कामठी परिसरात पौषातील थंडी कडक असते. या दिवसांत तान्ह्या मुलाला खोकला होऊन त्याचे पोट भात्यासारखे हलू लागले, की वडीलधारी मंडळी ‘डब्बा झाला’ म्हणतात. विदर्भात रूढ असलेला हा शब्द बहुधा न्यूमोनियाच, म्हणजे फुफ्फुसदाह, दर्शवितो. त्यावर पोटाला डागण्या देण्याची प्रथा मात्र घातक आहे. तिने रोग हटत नाही, मोलाचा वेळ मात्र जातो.

या रोगात फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांत पू व द्रव साचतो, रक्ताला प्राणवायू कमी पडतो आणि बालक जलद श्वास घेऊ लागते. कधी फुफ्फुसाचा संबंध खंड बाधित होतो, तर कधी दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो. जीवाणूंपैकी न्यूमोकोकस हा प्रमुख. विषाणूंमुळेही हा रोग होतो. गोवर, कुपोषण, चुलीचा व विडीचा धूर त्यास वाट करून देतात. बाळाच्या नाकात तेल सोडणेही धोक्याचेच.

निदानासाठी प्रत्येक वेळी क्ष-किरण यंत्र लागतेच असे नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 वा अधिक श्वास भरल्यास उपचार तातडीने हवेत.

विदर्भातच याचा पडताळा आला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्ते व सुइणी यांना हे निदान व औषधोपचार शिकविले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू 8.1 होते, इतर गावांत 17.5. अक्षरओळख नसलेल्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले श्वासमापक उपकरणही तेथे तयार झाले. मोठ्या रुग्णालयांना जे साधले नव्हते, ते गावच्या माणसांनी केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

जीवाणूजन्य न्यूमोनियावर आज प्रामुख्याने अमॉक्सिसिलिन दिले जाते. ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत. अंगावरचे दूध थांबवू नये. छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, झटके वा ग्लानी येणे ही लक्षणे दिसताच, तसेच दोन महिन्यांखालील आजारी बालकास, विनाविलंब रुग्णालयात न्यावे. न्यूमोकोकसविरुद्धची लस शासकीय लसीकरणात मोफत मिळते; तिचे डोस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिले जातात.