मुंबई पाहायची तर मुक्काम कोठे करावा?



ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी आणि राज्यघटना यांवर व्याख्याने होतात, तेथे लॉजच्या खोलीचा विषय काढणे काहींना हलके वाटेल. पण माझ्या दृष्टीने हा विषय रजेचा आहे, आणि रजा ही भांडून मिळवलेली वस्तू आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. भरपगारी रजेचा हिशेब १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिला : वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. म्हणजे बायकामुलांना घेऊन तीन दिवस मुंबई पाहायची, तर त्या तीन दिवसांमागे साठ दिवसांचे काम उभे असते. ते तीन दिवस शहर पाहण्यात जाणार की गर्दीत उभे राहण्यात, हे पुष्कळसे मुक्कामाच्या जागेवर ठरते.

प्रथम शहराचा आकार ध्यानात घ्या. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि रुंदीला अरुंद आहे. रेल्वेचे रूळही तसेच उभे गेले आहेत. चर्चगेटहून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे जुन्या बोरीबंदरहून, कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. परगावच्या माणसाला 'मुंबईत खोली मिळाली' एवढेच कळते. ती कितव्या किलोमीटरवर मिळाली, हे तो विचारीत नाही.

आता पाहण्यासारखी ठिकाणे मांडा. गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीला जाणाऱ्या बोटी, वस्तुसंग्रहालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, बोरीबंदरची इमारत, महात्मा फुले मंडई, मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटी ही सगळी दक्षिण टोकाला आहेत. यांतली बरीचशी पायी पाहता येतात. मध्यभागी भायखळ्याची राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, दादरची चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क. उत्तरेला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरीची लेणी. आपल्या यादीतल्या ठिकाणांवर नकाशात खुणा करा. जेथे खुणा दाट पडतील, त्याच्या आसपास खोली शोधावी. बहुतेकांच्या बाबतीत ती जागा फोर्ट ते दादर या पट्ट्यात येते.

कोणी म्हणेल, तेथे भाडे जास्त. खरे आहे, म्हणून हिशेबच करू. समजा, बोरिवलीला किंवा कल्याणला खोली रोज पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाली. तीन दिवसांचे दीड हजार वाचले. आता दुसरी बाजू. खोलीपासून स्टेशन, गाडीची वाट, प्रवास आणि पुढचे चालणे धरून जायला दीड तास, यायला दीड तास. तीन दिवसांचे नऊ तास झाले. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर एक पूर्ण पाळी आणि वर तासभर जादा काम. घरात माणसे चार, तर पाळ्याही चार! शिवाय दुपारी म्हाताऱ्या आईचे पाय दुखले किंवा मूल पेंगुळले, तर खोलीवर परतता येत नाही. मग टॅक्सी आणि उपाहारगृह यांतच वाचलेले पैसे जातात. रिक्षाचा भरवसा धरू नये. वांद्रे आणि शीव ओलांडून दक्षिणेला रिक्षा चालत नाही.

गर्दीलाही दिशा असते. सकाळी नोकरदार दक्षिणेकडे येतात, संध्याकाळी उत्तरेकडे परततात. दक्षिणेला राहणारा पाहुणा सकाळी कान्हेरीला निघाला, तर तो गर्दीच्या उलट जातो. कल्याणला उतरलेला पाहुणा मात्र मुलांना घेऊन त्याच लोंढ्यात शिरतो.

मध्यम खिशाच्या कुटुंबाला मी दादर सुचवीन. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे तेथे मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही पूर्ण सुरू झाली आहे. ती दादर, सिद्धिविनायक, बोरीबंदर, हुतात्मा चौक आणि चर्चगेट यांना एका ओळीत जोडते. आम्ही संघटनेची माणसे आझाद मैदानावर मोर्चा नेतो, तेव्हाही मुक्काम शक्यतो याच पट्ट्यात बघतो. थकलेला माणूस घोषणा देत नाही आणि थकलेला प्रवासी काही पाहत नाही.

ज्याला दूरच राहणे भाग आहे, त्याने जलद गाडी थांबते अशा स्टेशनापासून पायी अंतरावर राहावे, आणि सकाळची व संध्याकाळची कचेरीची वेळ टाळून प्रवास करावा.

खोली ठरवण्यापूर्वी मॅनेजरला चार प्रश्न विचारावेत. 'स्टेशनजवळ' म्हणजे कोणत्या स्टेशनाजवळ, पूर्वेला की पश्चिमेला, आणि पायी किती मिनिटे? दिवस चोवीस तासांचा धरता की दुपारी बारा ते बारा? गाडी पहाटे पोचणार असेल तर या एका प्रश्नावर एका दिवसाचे भाडे अवलंबून आहे. कर आणि जादा गादी धरून एकूण किती? खोली सोडल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंत सामान ठेवून घ्याल का?

वारही पाहावेत. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते, राणीची बाग बुधवारी. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी अनेकदा मेगाब्लॉक असतो. लोखंड्यांनी मिळवलेल्या सुट्टीच्या दिवशीच रेल्वेचे कामगार बांधव रुळांवर राबत असतात. त्या दिवशी लांबचा बेत न आखता पायी हिंडावे. फोर्टमधले रस्तेही रविवारी मोकळे असतात.

शेवटी एक. आपण रजेवर असतो तेव्हा लॉजमधला चादरी बदलणारा आणि रात्री दार उघडणारा माणूस कामावर असतो. त्याच्याशी आदराने बोला. जवळची स्वस्त आणि स्वच्छ खाणावळ कोणती, हे मॅनेजरपेक्षा तोच नेमके सांगेल, कारण तो स्वतः तेथे जेवतो.