मेमरी कार्डातील खोटे माप

आपल्यातील बरेच व्यापारी बांधव आता साड्या-लुंग्यांचे नमुने कॅमेऱ्याने टिपून बाहेरगावच्या पार्टीला दाखवतात. कार्डाने दगा दिला की अख्ख्या मोसमाच्या डिझाईनी जातात. दोष दरवेळी कॅमेऱ्याचा नसतो. 64 जीबी छापलेली काही स्वस्त कार्डे आतून 8 जीबीचीच असतात. त्यातील कंट्रोलर चिपच कॅमेऱ्याला खोटी क्षमता सांगते. 8 जीबीपर्यंत सर्व ठीक. पुढचे फोटो यादीत दिसतात, पण उघडत नाहीत, किंवा जुन्यांवर चढून तेही खराब करतात. थानावर शिक्का 20 मीटरचा आणि आत कापड 12 मीटर, त्यातलाच हा प्रकार. आम्ही याला मापातली चोरीच म्हणतो. कार्ड पक्क्या पावतीवर घ्यावे आणि रिकामे असतानाच संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावे. कापड आपण मीटरने मोजून घेतोच ना!

अस्सल कार्डातील फोटो अचानक दिसेनासे झाले, तर त्यावर एकही नवा फोटो काढू नये. बहुधा यादी बिघडलेली असते, फोटो जागेवरच असतात. ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास नाही म्हणावे. ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रामने ते पुष्कळदा परत मिळतात. मात्र ते त्याच कार्डावर न उतरवता संगणकात उतरवावेत. बनावट कार्डात जे लिहिलेच गेले नाही, ते कोणताही कारागीर काढून देऊ शकत नाही.