जुना स्नोबोर्ड घेताय? आधी उलटा करून बघा

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना वाक्यं तुटतात, तेवढी जोडून घेतलीत. बाकी सगळं तसंच आहे.)

उदगीरहून एका काकांचा व्हॉइस मेसेज आलाय, आज तिथूनच सुरू करू. काका म्हणतात, "पोरगा म्यूनिकला नोकरीला हाय. फेब्रुवारीत सुट्टीवर येऊन दोस्तांसंगं गुलमर्गला जायचं म्हणायलाय. तिथल्याच एका माणसाकडून जुना स्नोबोर्ड घ्यायलाय, कार्व्हिंगचा हाय म्हणं, एकशेवीस युरोला. मला त्यातलं काही कळंना. घेऊ देऊ का नको?"

आता लातूर-नांदेडला बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर गारपिटीचा. मग हा विषय आपल्याकडे कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या भागातली पोरं आज म्यूनिकला आहेत, झ्युरिकला आहेत, सिएटलला आहेत. नवा बोर्ड, बाइंडिंग आणि बूट असा सगळा संच तिथंही महागच पडतो, म्हणून जुन्या मालाकडे वळणं साहजिक आहे. आणि जुन्या मालात फसलं तर नुसते पैसे जात नाहीत, डोंगरावर अडकायची वेळ येते. ती माझ्यावर आली होती, सांगतो पुढं.

काका, तुम्ही म्हणता कळत नाही, पण तुम्हाला कळतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? मालक सांगतो "लई गरीब जनावर हाय", ते ऐकून घेता आणि मग स्वतः तोंड उघडून दात बघता, खूर बघता, चार पावलं चालवून बघता. त्याच्याही आधी मनाशी ठरवलेलं असतं, की बैल कशाला हवाय. शर्यतीचा बैल कुणी नांगराला घेत नाही. इथंही तेच आहे. हा बोर्ड कुठल्या बर्फासाठी बनवलाय?

कार्व्हिंगचा बोर्ड हा घट्ट, मशीननं दाबून सपाट केलेल्या बर्फासाठी असतो. आल्प्समध्ये रात्री मोठमोठी यंत्रं उतारावरून फिरतात आणि सकाळी रस्ता केल्यासारखा बर्फ तयार असतो. त्यावर बोर्ड कडेवर उभा करायचा आणि कडेनंच वळण कोरत जायचं, घसरायचं नाही. मागं पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक रेघ उमटते. फ्रीराइडचा बोर्ड असतो न दाबलेल्या, मोकळ्या डोंगरावरच्या बर्फासाठी. तिथं कडेपेक्षा तरंगणं महत्त्वाचं. म्हणून त्याचं पुढचं नाक लांब, रुंद आणि वर उचललेलं असतं, शेपटी नाकापेक्षा थोडी अरुंद असते आणि पाय बांधायची जागा मध्यापेक्षा मागं सरकवलेली असते. वजन मागं, नाक वर.

दोन बोर्डांची तुलना करताना लोक आधी कंपनीचं नाव विचारतात, मग लांबी. मी म्हणतो, आधी दोन आकडे विचारा. पहिला आकडा कडेच्या वळणाच्या त्रिज्येचा. बोर्डाची बाजू सरळ नसते, आत वळलेली असते, कमरेसारखी. ती वक्र रेषा पुढं वाढवत नेली तर एक मोठं वर्तुळ होईल, त्याची ही त्रिज्या. साध्या बोर्डाला ती सात-आठ मीटर असते, स्पर्धेच्या जातीच्या कार्व्हिंग बोर्डाला दहा-बारा किंवा त्याहून जास्त. गंमत अशी, की बोर्ड जितका कलवाल तितकं वळण लहान होतं. घट्ट बर्फावर बारा मीटरचा बोर्ड साठ अंश कलवला तर हिशेबानं वळण सहा मीटरच्या त्रिज्येचं येतं. पण साठ अंश कलवायला वेग लागतो आणि सराव लागतो. नवशिक्याच्या हातात बारा मीटरचा बोर्ड दिला तर तो वळतच नाही, सरळ खाली पळतो.

दुसरा आकडा कमरेची रुंदी, म्हणजे बोर्ड मध्यभागी किती रुंद आहे. इथं जुन्या बोर्डाच्या खरेदीत सगळ्यात जास्त लोक चुकतात. कार्व्हिंगमध्ये दोन घराणी आहेत. एक कडक बुटांचं: स्कीइंगसारखे प्लास्टिकचे बूट, धातूच्या प्लेटची बाइंडिंग, पाय जवळजवळ पुढच्या दिशेला वळवलेले. पाय असे उभे असल्यानं बोर्ड एकोणीस-वीस सेंटिमीटर रुंद असला तरी चालतो. ऑलिम्पिकमधल्या पॅरलल जायंट स्लॅलमला हेच बोर्ड दिसतात. २०१८ ला एस्टर लेडेत्स्कानं त्यात सुवर्ण मिळवलं, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगच्या सुपर-जीमध्येही मिळवलं! दुसरं घराणं मऊ बुटांचं, अलीकडं व्हिडिओंमुळं फार गाजलेलं. त्यात पाय आडवे असतात, म्हणून बोर्ड रुंद लागतो, सव्वीस सेंटिमीटर किंवा त्याच्याही वर. आता समजा कुणी नेहमीचे मऊ बूट घालून वीस सेंटिमीटरच्या बोर्डावर उभा राहिला. बुटाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर येणार. बोर्ड कलवला की कड रुतण्याआधी बूट बर्फाला टेकणार आणि कड उचलली जाणार. माणूस अशा वेळी सावकाश पडत नाही, आपटतो.

म्हणून काकांच्या पोराला माझा पहिला प्रश्न: कंबर किती रुंद आहे, आणि तुझ्याकडे बूट कोणते?

आता गुलमर्ग. तिथल्या गंडोल्याचा दुसरा टप्पा अफरवटवर जवळपास चार हजार मीटर उंचीवर नेऊन सोडतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे बघा. वरून खाली जो डोंगर दिसतो त्यातला बहुतेक भाग कुणी दाबलेला नाही, मोकळा आहे. जगभरातून लोक येतात ते त्यासाठीच. तिथं अरुंद, कडक कार्व्हिंग बोर्ड नेला तर नाक बर्फात खुपसणार आणि पाच मीटरवर तुम्ही कंबरेपर्यंत गाडले जाणार. त्यामुळं काका, बोर्ड कितीही चांगला असला तरी गुलमर्गसाठी तो नको. शर्यतीचा बैल नांगराला, तसंच ते. आणि वरचा मोकळा उतार म्हणजे हिमस्खलनाचा धोका. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत तिथं परदेशी स्कीअर हिमस्खलनात गेले. वर जायचं तर शोधयंत्र, फावडं, शोधकाठी आणि जाणता वाटाड्या हवा. जुन्या बोर्डात वाचवलेले पैसे तिकडं घाला.

बरं, बोर्ड योग्य जातीचा मिळाला असं धरू. आता दात बघायचे. वरची नक्षी, खरचटे, उडालेला रंग, याकडं बघू नका. विकणारा त्याच्यासाठीच दहा फोटो टाकतो. बोर्ड उलटा करा. खालचा तळ प्लास्टिकचा असतो, त्यावर बारीक ओरखडे असणारच, ते मेणानं आणि थोड्या डागडुजीनं जातात. पण खोल खड्डा पडून आतला फायबर किंवा लाकूड दिसत असेल तर पाणी आत शिरतं आणि लाकूड फुगतं. असा खड्डा कडेला लागून असेल तर तो बोर्ड सोडून द्या. मग पोलादी कड बघा, टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवून (जपून, कापतं). नवी कड साधारण दोन मिलिमीटर उंच असते आणि प्रत्येक धारेला थोडी झिजते. निम्म्यावर आली असेल तर त्या बोर्डाचं आयुष्य संपत आलंय. कुठं आडवी चीर आहे का, कड बाहेर ओढल्यासारखी वाकलीय का, हे पायाखालच्या भागात नीट बघा, कारण जोर तिथंच पडतो. नाक आणि शेपटीला नखानं टोचून बघा. थर सुटलेले असतील तर पापुद्रा हलतो.

बाइंडिंग काढून दाखवायला सांगाच. स्क्रू जास्त आवळले की तळ तिथं आत ओढला जातो, आणि पायाच्या पट्ट्यात बोर्ड दुमडल्याची आडवी रेघ असेल तर आतलं लाकूड तुटलेलं असू शकतं. स्क्रूच्या भोकांची मांडणीही बघून घ्या. बहुतेक बोर्डांना ठरावीक अंतरावर भोकं असतात, पण बर्टनच्या जुन्या बोर्डांना तीन भोकांची वेगळी मांडणी असायची आणि नंतरच्यांना लांब खाचा असतात. बाइंडिंगची चकती जुळली नाही तर बोर्ड नुसता भिंतीला टांगायचा.

माझी गोष्ट सांगायची राहिली. माझा पहिला बोर्ड मी फोटो बघून घेतला होता, दुसऱ्या शहरातल्या एका माणसाकडून. "दोनदाच वापरलाय," म्हणाला. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं निघालो, वरच्या बर्थवर मी आणि शेजारी बोर्ड, नव्या नवरीसारखा जपत. तळावर मेणाचा जाड थर होता, मला वाटलं किती काळजी घेतलीय. त्या मेणाखाली कडेजवळचा खड्डा बुजवलेला होता. वरून तिसऱ्या फेरीला ती कड वीतभर बाहेर आली आणि प्रत्येक डाव्या वळणाला अडकायला लागली. शेवटी बोर्ड पाठीला बांधून चालत उतरलो, मांडीपर्यंत पाय रुतत. मधल्या स्टेशनला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. तेव्हापासून मेण खरवडून दाखवा म्हणतो. जो नाही म्हणतो त्याचा बोर्ड घेत नाही.

बुटांचं थोडक्यात: जुने कडक बूट स्वस्तात मिळतात, पण दहा-पंधरा वर्षांचं प्लास्टिक न वापरतासुद्धा ठिसूळ होतं आणि थंडीत तडकतं. बोर्ड जुना चालेल, बूट शक्यतो नवे.

विकताना हेच उलटं करायचं. खड्डा असेल तर त्याचाच जवळून फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून. कमरेची रुंदी, त्रिज्या आणि घेणाऱ्याचं वजन किती असावं, हे लिहा. लांबी उंचीवरून नाही, वजनावरून ठरते. विकायची वेळ सीझन सुरू व्हायच्या आधी, घ्यायची वेळ मार्च-एप्रिलमध्ये, लोकांना घर मोकळं करायचं असतं तेव्हा. आणि भारतात कुरिअरनं मागवू नका, जुन्या वस्तूलाही सीमाशुल्क लागतं आणि स्वस्ताई तिथंच संपते.

हा भाग रेकॉर्ड झाल्यावर काकांचा परत मेसेज आला. पोरानं मोजलं: कंबर वीस सेंटिमीटर, बूट मऊ. तळ आणि कड मात्र एकदम चांगली निघाली. आता पोरगा गुलमर्गला बोर्ड भाड्यानं घेणार आहे, आणि तो कार्व्हिंगचा बोर्ड पुढच्या हिवाळ्यात आल्प्ससाठी घ्यायचं म्हणतोय, कडक बूट मिळाले तर. काका म्हणाले, "शंभराला मागायला सांगतो."