कबरीतला मुक्काम

मराठी ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव आजही ज्या आपुलकीने घेतले जाते, तशी दुसरी नावे थोडीच. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवले होते की आपल्याला पुरू नये, दहन करावे. घरच्यांनी त्यांचा शब्द पाळला. रक्षा नगरला नेली. त्यांच्या उमेदीची वर्षे तिथेच गेली होती.

या निर्णयाचे नवल दोन्ही बाजूंनी आहे. ख्रिस्ती माणसाचा देह मातीत ठेवायचा ही शेकडो वर्षांची रीत, ती टिळकांनी सोडली. दुसरीकडे, १९१७ पासून ते मिशनच्या कामातून मोकळे होऊन संन्यासी म्हणून राहत होते, आणि आपल्याकडे संन्याशाला सहसा अग्नी देत नाहीत, समाधी देतात. म्हणजे ख्रिस्ती म्हणून पाहा किंवा संन्यासी म्हणून, त्यांच्या वाट्याला माती यायची. त्यांनी मागितला अग्नी. ज्या धर्मात मेलेला देह पुन्हा उठणार अशी श्रद्धा आहे, त्या धर्मातल्या इतक्या निष्ठावंत माणसाला हे कसे चालले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच हाती लागतो.

ही श्रद्धा केवळ आत्म्याच्या अमरत्वाची नाही. ख्रिस्ती विश्वासांगीकारात, जो रविवारच्या उपासनेत सगळे मिळून म्हणतात, देहाच्या पुनरुत्थानाचे कलम स्पष्ट आहे. मरणानंतर आत्मा देवासमोर जातो, देह कबरीत राहतो, आणि युगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा हाच देह, पण बदललेला, मरणाच्या पलीकडचा, पुन्हा उभा राहील. माणूस म्हणजे देहात अडकलेला आत्मा नव्हे. देह आणि आत्मा मिळून माणूस. म्हणून एकट्या आत्म्याची सुटका झाली तरी ती अर्धीच.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, इसवी सनाच्या पन्नाशीतला, हा या विषयावरचा सर्वांत जुना सविस्तर मजकूर. तिथे पौल शेतकऱ्याच्या अनुभवातून बोलतो: जमिनीत टाकतो ते नुसते बी, वर येते ते वेगळेच रोप, तरी ते त्याच बियाचे. योहानाच्या शुभवर्तमानात चार दिवस कबरीत राहिलेल्या लाजरला येशू बाहेर बोलावतो, पण ते पुनरुत्थान नव्हे. लाजर आपल्या जुन्या आयुष्यात परत आला, आणि पुढे केव्हातरी पुन्हा मरणारच होता. येशूचे उठणे वेगळे मानले जाते. तो परत आला नाही, पुढे गेला. हा फरक ध्यानात घेतला नाही तर सगळा विषयच चमत्काराच्या गोष्टींत हरवून जातो.

येशूला ज्या कबरीत ठेवले ती आपल्या डोळ्यांसमोर येते तशी जमिनीत खणलेली नव्हती. यरुशलेमच्या परिसरात खडकात खोदलेल्या खोल्या असत. तोंडाशी मोठा दगड आणि आत देह ठेवायला ओटे, अशी त्यांची घडण. अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदवून घेतलेली नवी कबर येशूला दिली. त्या काळी यहुदी घरांत देह तागाच्या कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवत, आणि साधारण वर्षभराने मांस झडले की हाडे गोळा करून चुनखडीच्या छोट्या पेटीत भरत. अशा शेकडो पेट्या सापडल्या आहेत. येशूची चौकशी करणाऱ्या कयफा या महायाजकाच्या घराण्याची मानली जाणारी पेटी १९९० मध्ये यरुशलेमजवळ मिळाली. ही हाडे गोळा करण्याची रीत लक्षात ठेवावी. तिचा मुंबईशी संबंध आहे.

देह नष्ट झाला तर पुनरुत्थान कसे होणार, ही शंका ख्रिस्त्यांच्या शत्रूंनीच पहिल्यांदा हत्यारासारखी वापरली. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्त्यांचा छळ झाला. मारणाऱ्यांनी हुतात्म्यांचे देह जाळले आणि राख ऱ्होन नदीत टाकली, ती या हेतूने की यांना उठण्याची आशाच राहू नये. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने हे नोंदवले आहे. ज्याने शून्यातून जग निर्माण केले त्याला नदीत विखुरलेली राख गोळा करणे अवघड नाही, हे ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर. पुढे संत ऑगस्टिनने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात या शंका एकेक करून सोडवल्या आहेत: अर्भकपणी मेलेले बाळ कोणत्या वयाचे होऊन उठेल, कापलेल्या केसांचे आणि नखांचे काय होईल, नरभक्षकाने खाल्लेले मांस कोणाचे? आज हे प्रश्न भाबडे वाटतील. पण देहाला इतके गांभीर्याने घेणारी श्रद्धा अशा प्रश्नांना टाळू शकत नाही, आणि ऑगस्टिन ते टाळत नाही याचे मला नेहमी कौतुक वाटते. मृतांच्या काळजीवर त्याने वेगळे पुस्तकही लिहिले. अंत्यविधी मागे राहिलेल्यांना धीर देतो, दफन लाभले नाही म्हणून मृताचे काही बिघडत नाही, असे त्यात तो सांगतो.

तरीही दहनाविषयीची नाराजी चर्चमध्ये दीर्घकाळ टिकली. फ्रँक राजा शार्लमेनने आठव्या शतकात सॅक्सन लोकांना दहनाबद्दल देहदंड ठरवला होता. रोमन कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला बंदी केली. युरोपात काही लोक पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहन करून घेत होते, हे त्यामागचे कारण. ही बंदी १९६३ मध्ये उठली. म्हणजे प्रॉटेस्टंट टिळकांनी जे १९१९ साली केले, ते कॅथलिकांना आणखी ४४ वर्षांनी मोकळे झाले. २०१६ साली व्हॅटिकनने आणखी एक सूचना काढली: दहन चालेल, पण रक्षा घरात ठेवू नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी. ज्याची रक्षा आहे त्याला नाव आणि ठिकाण असावे, हा त्यामागचा आग्रह.

आता गोव्याकडे वळू, कारण मराठी मुलखाच्या शेजारी या श्रद्धेचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण आहे. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर एका झोपडीत वारला. सोबत्यांनी त्याला लाकडी पेटीत ठेवून वर चुना ओतला. मांस लवकर झडावे आणि हाडे नेता यावीत, हा विचार. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. मलाक्क्याला नेऊन पुन्हा पुरला, पुन्हा काढला, तरी तसाच. १६ मार्च १५५४ रोजी तो गोव्यात पोचला. चुन्याने देह झिजतो हा समज पूर्ण खरा नाही, चुना ओलावा शोषून कुजणे लांबवतो, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. पण गोव्याच्या भाविकाला या स्पष्टीकरणाने काही फरक पडत नाही, आणि चर्चच्या शिकवणीतही न कुजलेल्या देहावर विश्वास ठेवणे बंधनकारक नाही. तो देह आता सुकून आकसलेला आहे. १६१४ मध्ये त्याच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग कापून रोमला पाठवला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. गोव्यातल्या चांदी कारागिरांनी १६३० च्या दशकात घडवलेल्या पेटीत बाकीचा देह बॉम जेझू बॅसिलिकात आहे, आणि खालची संगमरवरी बैठक टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोची भेट. दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी खाली उतरवतात. अलीकडचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते. सिंधुदुर्ग आणि बेळगावकडचे लोक पायी जातात, आणि त्यांत हिंदूही असतात.

हात रोमला, देह गोव्यात. लियोंच्या राखेचा प्रश्न इथेही आहे, फक्त इथे तुकडे शत्रूने नव्हे, भक्तीने केले.

झेवियरनंतर काही दशकांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. येशूचे मरण, कबर आणि तिसऱ्या दिवसाचे उठणे ओवीत सांगितले जाण्याचा तो पहिला मोठा प्रसंग. पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ हस्तलिखितांमुळे टिकला, आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला.

आजही वसईत कॅथलिक अंत्यविधीला गेलात तर एक गोष्ट जवळून पाहा. शवपेटीशेजारी एक उंच मेणबत्ती पेटवलेली असते, ईस्टरच्या रात्री प्रथम पेटवलेली. पेटीवर पांढरे कापड असते, ते बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्राची आठवण. म्हणजे मरणाच्या विधीत जन्माच्या आणि पुनरुत्थानाच्या खुणा आधीच मांडलेल्या असतात. कबरस्थानात पेटी दोरांनी खाली सोडतात, धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात, आणि आप्तस्वकीय एकेक मूठ माती टाकतात. पुढे सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची मिस्सा होते. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण स्वर्गाच्या आधी शुद्ध होण्याची एक अवस्था त्यांच्या शिकवणीत आहे. नगर–सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या ते मानत नाहीत. तिथे कबरीजवळ भजने म्हणतात, ती जिवंतांना धीर देण्यासाठी. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कबरस्थाने साफ होतात, चुना लागतो, झेंडूची फुले आणि मेणबत्त्या येतात.

मुंबईत मात्र जागेचा प्रश्न श्रद्धेला रोज भिडतो. शिवडीचे ख्रिस्ती कबरस्थान १८६० च्या दशकात, पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, आधीच्या बागेच्या जमिनीवर झाले. आता शहरात कायमची कबर मिळणे जवळजवळ अशक्य. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडे गोळा करतात आणि भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात, ज्याला मुंबईकर ‘निश’ म्हणतात. वर नाव, तारखा, कधी छायाचित्र. पाहणाऱ्याला हे महानगराने लादलेले वाटते, पण यरुशलेममध्ये येशूच्या काळात बरेचसे असेच होत असे. कबर ही ख्रिस्त्यासाठी मुक्कामाची जागा. तिथे किती दिवस राहायचे याचा श्रद्धेने कधीच आकडा ठरवला नाही. ज्ञानेश्वरांच्या आळंदीच्या समाधीशी इथे फरक पडतो: तिथे समाधिस्थ संत आजही आहेत या भावनेने वारकरी जातो, तर ख्रिस्ती कबरीवरचा क्रूस पुढच्या दिवसाकडे बोट दाखवतो. त्यामुळे संगमरवरी थडगे असो, भिंतीतला कोनाडा असो की नगरला नेलेली टिळकांची रक्षा, या श्रद्धेला त्याने बाधा येत नाही.

वसईतल्या काही चर्चनी अलीकडे आणखी एक पाऊल उचलले आहे. पॉलिश केलेली लाकडी शवपेटी जमिनीत लवकर मुरत नाही, त्यामुळे तीच कबर दुसऱ्या कुणासाठी उघडायला वेळ लागतो, आणि लाकूडही जाते. म्हणून तिथे मृताला पेटीविना, साध्या कापडात गुंडाळून मातीत ठेवतात. काही जुन्या मंडळींना हे गरिबीचे लक्षण वाटले. पण शुभवर्तमानांत येशूच्या दफनाचे वर्णन वाचले तर तिथेही पेटी नाही. तागाचे कापड, सुगंधी द्रव्ये आणि खडक, एवढेच आहे.